झेनॉनच्या बुटातला खिळा

आपल्या सख्ख्या भावाचं वाटोळं व्हावं असं युस्तिना वोरोबेत्सला वाटायचं, आणि ती ते लपवत नसे. चर्चच्या हॉलमध्ये आम्ही बायका पिरोही करायला जमलो, की पारीत बटाट्याचं सारण भरता भरता ती सहज बोलल्यासारखं म्हणायची, "काल वारा केवढा सुटला होता. झेनॉनच्या कोठाराचं छप्पर कसं काय टिकलं, कुणास ठाऊक." कुणी हसायचं, कुणी मान खाली घालून कडा दाबत राहायचं. आमचं व्हेर्बा गाव एवढंसं, डॉफिन शहराच्याही पुढं. इथं सगळेच एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. एकाची बाजू घेतली की दुसऱ्याच्या घरच्या लग्नाला जाणं बंद. मी युस्तिनाची शाळेपासूनची मैत्रीण, त्यामुळे बाजू निवडायचा प्रश्नच नव्हता.

झेनॉन तिच्याहून सहा वर्षांनी लहान. लहानपणी त्याचं नाक हिनंच पुसलं, शाळेत त्याला हिनंच पाठीवर नेलं. पुढं युस्तिना लग्न करून विनिपेगला गेली, ते लग्न टिकलं नाही, आणि ती परत आली तेव्हा त्यांचा बाप अंथरुणाला टेकायच्या बेतात होता. तातो म्हणायचे त्याला घरात, म्हणजे बाबा. तातोला आंघोळ घालणं, भरवणं, पायाची जखम धुणं, सगळं हिनं केलं. तातो गेला तेव्हा शेतं झेनॉनच्या नावावर निघाली. हिच्या वाट्याला जुनं घर, मागचं कुरण आणि मधमाश्यांच्या पेट्या आल्या. मातीनंतरच्या जेवणाला, भरल्या हॉलात, युस्तिना मोठ्यानं म्हणाली, "तातोचं गू-मूत मी काढलं आणि जमीन ह्यानं काढून घेतली." झेनॉनच्या हातातला घास हातातच राहिला.  त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

पेट्यांवर मात्र तिचा खरा जीव होता. तिचा मध डॉफिनच्या बाजारात हातोहात जायचा. उन्हाळ्यात ती कुरणात हातमोज्यांशिवाय फिरायची. माश्या तिला चावत नसत असं नाही; ती म्हणायची, "त्यांचं चावणं सरळ असतं. मनात ठेवून चावत नाहीत."

मग तो जुलै आला. झेनॉनच्या शेतातला कॅनोला, मोहरीसारखाच, पिवळाधमक फुललेला, आणि त्यावर अळी पडली. आमच्याकडं अशा वेळी फवारायचं झालं तर शेजारच्या माशीवाल्याला आदल्या दिवशी फोन करतात, म्हणजे तो पेट्यांची तोंडं बंद करतो. आणि फवारायचं ते संध्याकाळी, माश्या परतल्यावर. झेनॉननं फोन केला नाही. भर उन्हात, सगळ्या माश्या फुलांवर असताना, त्यानं फवारणी काढली. दुपारी युस्तिना कुरणात गेली तर पेट्यांपुढं मेलेल्या माश्यांचे ढीग. काही अजून गवतात गोल गोल फिरत होत्या. तिनं मला बोलावलं. मी पोचले तेव्हा ती चपला घालून फवाऱ्याचे थेंब उडून ओल्या झालेल्या गवतात उभी होती आणि फावड्यानं माश्या ओढून बादलीत भरत होती.

तशीच बादली घेऊन ती झेनॉनच्या अंगणात गेली. मी मागं. तो ट्रॅक्टर धूत होता.

"फोन करायचा राहिला," तो म्हणाला.

"राहिला?"

"अळी थांबत नाही कुणासाठी. गडबडीत राहिलं."

तिनं बादली त्याच्या दारात पालथी केली आणि निघून आली. तक्रार केली, माणसं तपासायला आली, पण तोवर पाऊस होऊन गेला होता आणि हाती काही लागलं नाही. दोन पेट्या कशाबशा जगल्या. त्यांच्यावर तिनं पुन्हा सगळं उभं केलं. आणि दर वर्षी त्या दिवशी झेनॉनच्या पायरीवर मेलेल्या माश्यांची एक बरणी ठेवायला तिनं सुरुवात केली. माश्या मरतातच उन्हाळ्यात. ती वर्षभर वेचून ठेवायची. आमच्या जुन्या पंचांगाच्या नाताळाला, जानेवारीत, प्रत्येक घरात गव्हाची खीर होते, खसखस आणि मध घालून. तो मध सगळ्या गावाला युस्तिना वाटायची. झेनॉनचं एक घर सोडून. झेनॉनची मुलगी लारिसा दुकानातून मध आणायची आणि गावाला ते कळायचं. युस्तिनाला हवं होतं तेच ते.

असं चाललं असताना, दोनएक वर्षांनी, युस्तिनाचे पाय जळायला लागले.

आधी अंगठे. मग सगळी बोटं, मग तळवे. ती म्हणायची, "निखाऱ्यावर उभी केल्यासारखं होतं गं. आणि मधूनच वीज चमकते आतून." पायावर पांघरुणाचा स्पर्श सहन होईना. हिवाळ्यात ती अनवाणी मागच्या दारच्या बर्फात जाऊन उभी राहायची. मी ओरडले की म्हणायची, "तेवढंच बरं वाटतं." आणि हे सगळं कशानं, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती.

"त्याचं विष आहे हे. त्या दिवशी ओल्या गवतात मी चपलांवर उभी होते. पायांतून शिरलंय."

"दोन वर्षांनी?"

"विषाला कसली घाई? स्टेफका, मला डॉफिनला ने. डॉक्टरकडून तसं वदवून घेते आणि मग बघ त्याला कोर्टात कसा उभा करते ते."

मला आठवतं, जाताना गाडीत ती खुशीत होती. इतके दिवस जळणाऱ्या पायांची तिनं जणू जपणूक केली होती. पुरावा होता तो तिचा.

डॉक्टर नवीन होती. चिनेलो एझेनवा, नायजेरियाची, आमच्या थंडीत नुकतीच आलेली; तपासायच्या खोलीतसुद्धा जाड लोकरी जाकीट घालून बसायची. युस्तिनानं बसता बसता फवारणीपासून सुरुवात केली. डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही. मग विचारलं, "त्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं? उलटी? लाळ सुटली?"

"नाही."

"पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पायातली ताकद गेली? चालताना पाय ओढावा लागला?"

"नाही. पण आता बघा ना काय झालंय."

"बघते. बूट-मोजे काढा."

डॉक्टर चक्क खाली बसली, जमिनीवर. युस्तिनाचे पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्या, टाचांच्या भेगा पाहिल्या, घोट्याजवळ नाडी चाचपली. प्रश्न चालूच होते. दोन्ही पायांना सारखंच होतं का? बोटांपासून वर चढत गेलं का? बसल्यावर जास्त की चालताना? दारू किती? थायरॉइड आहे का? कॅन्सरची औषधं कधी घेतली होती? मांस-अंडी खाता ना? युस्तिना चिडत चालली. "मी खाते काय ते कशाला? फवारलं त्यानं."

"नसा बऱ्याच कारणांनी जळतात," डॉक्टर म्हणाली. "एकेक कारण काढून टाकल्याशिवाय मला खरं कळणार नाही. तहान लागते का फार?"

"लागते. काम करते मी."

"मध किती खाता?"

"माश्या पाळणाऱ्या बाईला विचारताय?"

"हो."

"चहात दोन चमचे. सकाळी पावावर. बाकी येता-जाता बोट."

डॉक्टरच्या ओठावर किंचित हसू आलं. मग तिनं टाचणी काढली. टोक लागतंय की बोथट बाजू, ते विचारत गेली. कापूस फिरवला. धातूचा दोन दांड्यांचा काटा तळहातावर ठोकून तो घुमत असताना त्याची बैठक युस्तिनाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवली. "घुमणं थांबलं की सांगा."

"थांबलं," युस्तिना लगेच म्हणाली.

डॉक्टरनं तोच काटा स्वतःच्या अंगठ्यावर टेकवला आणि मला हात लावायला सांगितला. तो अजून चांगला घुमत होता.

हातोडीनं घोट्यामागं ठोकलं तर पाऊल हललंच नाही. गुडघा मात्र उडाला. मग शेवटी एका दांडीला लावलेला नायलॉनचा आखूड दोरा निघाला, मासे धरायच्या गळाला असतो तसा. डॉक्टर म्हणाली, "डोळे मिटा. दोरा टेकला असं वाटलं की हो म्हणा." तिनं तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला. इथं, तिथं, अंगठ्याखाली, करंगळीखाली. मी बघत होते. दोरा वाकायचा आणि युस्तिना गप्प. परत वाकायचा, गप्प. टाचेवर एकदा "हो" आलं.

"झालं का सुरू?" युस्तिनानं डोळे मिटूनच विचारलं.

 जे पाय पांघरूण सहन करत नव्हते, त्यांना स्पर्श कळत नव्हता.

रक्त दिलं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा डॉक्टरनं सरळ सांगितलं: साखर खूप वाढलेली आहे, आणि एकदोन महिन्यांची नाही, कित्येक वर्षांची असावी. थायरॉइड ठीक, जीवनसत्त्व ठीक, मूत्रपिंड ठीक. "मधुमेहानं नसा खराब झाल्यात. शरीरातल्या सगळ्यांत लांब नसा आधी जातात, म्हणून बोटांपासून सुरुवात होते आणि मोजा चढवावा तसं वर येतं, दोन्हीकडं सारखं."

"विष नाही?"

"शेतात फवारायच्या काही औषधांनी नसा जातात, हे खरं आहे. पण ते काही आठवड्यांत दिसतं. दोन वर्षं वाट बघत नाही."

युस्तिनानं मानलं नाही. विजेची तपासणी असते असं तिनं कुठंसं ऐकलं होतं, तीच हवी म्हणाली. डॉक्टरनं विनिपेगला पाठवलं. तिथं पायाला तारा लावून झटके दिले, नस किती वेगानं निरोप पोचवते ते मोजलं. निघालं तेच. डॉक्टर म्हणाली, "एकच तपासणी करून 'हे मधुमेहानं झालं' असं कधीच सांगता येत नाही. तुमची हकीगत, तुमचे पाय, तुमची साखर, आणि दुसरं काही सापडलं नाही, हे सगळं एकत्र ठेवून आम्ही सांगतो. मला आता शंका नाही."

"मग तो सुटला म्हणायचा."

"मी फक्त तुमच्या पायांबद्दल बोलतेय."

 मग डॉक्टरनं विचारलं, "आईवडलांना साखर होती?"

"नाही. आईचं हृदय बंद पडलं. तातोची बोटं गेली होती पायाची, पण ती थंडीनं. हिमदंश."

"कुठल्या महिन्यात?"

युस्तिना सांगायला गेली आणि थांबली. माझ्याकडं बघितलं. मलाही आठवलं. तातोची बोटं काळी पडली तेव्हा आम्ही कुरणात ईस्टरची टोपली घेऊन बसलो होतो आणि झाडांना पालवी होती.

"मे," ती म्हणाली.

डॉक्टरनं मान डोलावली. "भाऊ-बहीण?"

"एक आहे. असून नसल्यासारखा."

"त्याला तपासून घ्यायला सांगा. आणि हे नीट सांगा त्याला: काहींचे पाय तुमच्यासारखे जळतात, ते डॉक्टरकडं येतात. काहींना दुखतच नाही. नुसतं कळेनासं होतं. ते येत नाहीत. पायात काही रुतलं तरी त्यांना पत्ता नसतो. मला जास्त भीती त्यांची वाटते."

युस्तिनानं मोजे घातले. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

परत येताना ती खिडकीबाहेर बघत बसली. मग बोलली, "म्हणजे हे तातोनं दिलंय मला. त्याला जमीन, आणि मला हे." मी म्हटलं, "झेनॉनलाही असेल कदाचित." ती म्हणाली, "असू दे की."

तिनं त्याला सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं असेल. निदान लारिसाच्या कानावर घातलं असेल. मी विचारलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. मध सुटला, हे तिचं सगळ्यांत मोठं दुःख. एक गोळी जळणं कमी करायची, पण डोकं जड व्हायचं. रोज सकाळी जमिनीवर आरसा ठेवून ती तळवे बघायची, आंघोळीचं पाणी कोपरानं पारखायची, बूट घालण्याआधी उलटा करून झटकायची. एवढ्या शिस्तीत तिनं आयुष्यात काही केलं नव्हतं. बरण्या मात्र झेनॉनच्या पायरीवर जातच होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात हॉलचं छप्पर गळायला लागलं म्हणून गावच्या पुरुषांनी नवं घालायला घेतलं. जुन्या फळ्या, पत्रे, वाकडे खिळे सगळीकडं पडलेले. आम्ही जेवण करत होतो; कोबीच्या पानातला भात, बीटचं सार, पाव. दुपारी माणसं आत आली, हात धुतले, बसली. झेनॉनही होता. तो वाढून घ्यायला आमच्या टेबलाकडं आला तेव्हा सिमेंटच्या फरशीवर टिक टिक असा आवाज येत होता. एका पायाचा येत होता, दुसऱ्याचा नाही. मी ऐकला. म्हटलं, बुटात खडा अडकला असेल. युस्तिना पातेल्यापाशी डाव हातात घेऊन उभी होती. तिनं त्याच्या पायाकडं बघितलं. तो परत जाऊन बाकावर बसला, पायावर पाय टाकला, आणि ती त्याच्या समोरून पावाची टोपली घेऊन हळूहळू गेली. एरवी ती त्याच्या दहा हातांतही जायची नाही. मला वाटलं, वितळतेय की काय. बरंसुद्धा वाटलं मला.

झेनॉन त्या दिवशी संध्याकाळपर्यंत छपरावर काम करत होता.

ऑगस्ट संपता संपता लारिसा युस्तिनाच्या दारात आली. मी तिथंच होते, आम्ही मधाच्या चौकटी खरवडत होतो. लारिसा चाळिशीची, एकटीच, बापाजवळ राहणारी. आत्याला ती चोचा म्हणते, आमच्यात म्हणतात तसं.

"चोचा, माझ्या तातोचा पाय कापला. विनिपेगला. गुडघ्याखालून."

युस्तिना खरवडायची थांबली नाही.

"खिळा होता बुटात," लारिसा म्हणाली. "आरपार. कधी घुसला त्यांना माहीतच नाही. वास यायला लागला तेव्हा मी बूट ओढून काढला. मोज्यासकट कातडी आली. हाडापर्यंत गेलं होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, साखर आहे, पायाला काही कळतच नाही. चोचा, तू येशील का? मला तुझ्याशी भांडायचं नाही. पण दुसरं कुणी नाही आम्हाला."

"येते," युस्तिना म्हणाली.

मीच नेलं. रस्ताभर ती ताठ बसली होती, चर्चला जाताना घालते तो फुलांचा रुमाल डोक्याला बांधून. मला वाटलं, रक्ताचं नातं शेवटी जागं झालं.

झेनॉन खाटेवर पडला होता. चादर एका बाजूला सपाट. तिला बघून तो म्हणाला, "खूश?"

"हो," युस्तिना म्हणाली.

तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्या तोंडासमोर बसली. "मला तो खिळा दिसला होता, झेनॉन."

त्यानं उशीवरून मान वर केली.

"हॉलच्या छपराच्या दिवशी. चालताना वाजत होता. तू पायावर पाय टाकून बसलास तेव्हा खिळ्याचं डोकं दिसलं मला. पूर्ण आत गेला होता आणि तू पाव मागत होतास."

"दिसला आणि तू बोलली नाहीस."

"नाही. तुला कळत नाहीये हे मला समजलं होतं. डॉक्टरनं मला सांगितलं होतं वर्षापूर्वीच. तुला सांगायला सांगितलं होतं."

मी दाराशी उभी होते.  लारिसा बाहेर चहा आणायला गेली होती, हेच नशीब.

झेनॉननं छताकडं नजर नेली.  मग म्हणाला, "फोन करायचा राहिला नव्हता."

"कसला?"

"माश्यांचा. फोन हातात घेतला होता. नंबर फिरवला अर्धा. मग तुझं ते मातीच्या जेवणाचं बोलणं आठवलं. सगळ्या गावासमोर. म्हटलं, मरू देत. आणि ठेवला."

"ठाऊक आहे मला," युस्तिना म्हणाली.

"कसं?"

"तुझं नाक पुसलंय मी. तू खोटं बोलतोस तेव्हा कसा दिसतोस ते मला माहीत नसणार?"

एवढंच. ती उठली. लारिसा चहा घेऊन आली तेव्हा ती दारात होती. चहा न घेताच निघाली.

गाडीत मी तिला म्हटलं, "तू माणूस आहेस का?" ती म्हणाली, "मला वाटलं होतं त्याला सांगितल्यावर गार वाटेल. अजून पुरलं नाही, स्टेफका. एवढंसंही कमी झालं नाही." मी गाडी कडेला घेतली. तिला उतरवून द्यावं असं मनात आलं. पण तिच्या पायांनी ती कुठं जाणार होती? घरी सोडलं, आणि मग सगळा हिवाळा मी तिच्याकडं गेले नाही. औषधाला नेणं तेवढं केलं. तेही तोंड बंद ठेवून.

अशाच एका खेपेला तिनं आपण होऊन एझेनवा डॉक्टरला सांगितलं. "तुम्ही भावाला सांगायला सांगितलं होतं. मी नाही सांगितलं. त्याचा पाय गेला." डॉक्टर तिच्या तळव्यावर दोरा टेकवत होती. तिचा हात थांबला. मग तिनं पुढच्या जागी टेकवला. "लागतंय?" "नाही." सगळं संपल्यावर ती उठली, बेसिनपाशी हात धुतले आणि मागं न वळता म्हणाली, "तुमचं जळणं कमी झालं म्हणालात ना. ते बरं होतंय म्हणून नाही. नस मरत चालली की दुखणंही जातं. आता तुम्हीही त्याच्यासारख्याच आहात. डोळ्यांवर भरवसा ठेवा, पायांवर नको."

झेनॉननं गावात कुणाला काही सांगितलं नाही. लारिसालाही नाही. लाकडी वाटावा असा नवा पाय लावून तो परत आला, जमीन भाड्यानं दिली, आणि काठी टेकत रविवारी चर्चला येऊ लागला. युस्तिना डावीकडं बसायची, तो उजवीकडं. तो गप्प का, हे तिला कळेना, आणि त्यानं ती जास्तच अस्वस्थ झाली. "सांगत का नाही लोकांना? काय शिजतंय त्याच्या डोक्यात?" ती मला विचारायची. तिनं त्या वर्षीही बरणी नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी ती धुऊन, रिकामी, तिच्या फाटकावर ठेवलेली सापडली.

मग सुगीचं जेवण आलं, ऑक्टोबरातलं. हॉल गच्च भरलेला. युस्तिना सकाळपासून आचाऱ्यांत होती. ताटं घेऊन ती टेबलांमधून येत-जात होती आणि झेनॉन दाराजवळच्या बाकावर बसला होता. तो एकदम म्हणाला, फार मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "युस्तिना, थांब. तुझ्या डाव्या बुटातून रक्त येतंय."

सगळे बघायला लागले. फरशीवर स्वयंपाकघरापासून ओल्या डागांची ओळ होती. बीटचं सार सांडलं असेल म्हणून आम्ही त्यावरून तीनदा गेलो होतो. तिनं खाली बघितलं. तिला काही जाणवलं नव्हतं. मी तिला बसवलं, बूट काढला. सकाळी स्वयंपाकघरात एक बरणी फुटली होती, तिच्या काचेचा तुकडा बुटाच्या तळातून तळव्यात उभा गेला होता. लारिसानं गाडी काढली. झेनॉन बाकावरून उठला नाही. ती त्याच्या समोरून जाताना थांबली.

"का सांगितलंस?" तिनं विचारलं.

"दिसलं म्हणून," झेनॉन म्हणाला. "जा आता. पाय वर धरून बस गाडीत."

पाय वाचला. डॉक्टर म्हणाली, आणखी चार दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. युस्तिना महिनाभर खुर्चीत बसून होती, पाय उशीवर ठेवून. मी जायला लागले पुन्हा. मला वाटलं, आता तरी ही पाझरेल. एक दिवस मी म्हटलंही, "त्यानं तुझा पाय राखला. आता सोड."

तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी खुर्ची मागं घेतली.

"राखला नाही," ती म्हणाली. "सूड घेतला. सगळ्या गावासमोर मला भीक घातली. आता मी त्याला काय करू, सांग? काय करायचं ठेवलं त्यानं मला?"

पुढच्या वर्षी तिनं बरणी ठेवली नाही, त्यानंतरही कधी नाही. पण ती सात वर्षं जगली त्यानंतर आणि भावाशी एक शब्द बोलली नाही. फवारणीचं तिनं त्याला शेवटी शेवटी माफ केलं असावं, निदान मला तसं वाटतं. त्या गोष्टीचं नावही ती काढेनाशी झाली होती. पण त्यानं तिला थांबवून ते रक्त दाखवलं, हे मात्र तिनं मरेपर्यंत माफ केलं नाही.